पाव तासाची शीग

धान निसवायला लागला की मोहटोल्यात कुणाचंच चित्त ठिकाणावर राहत नाही. त्या आठ-दहा दिवसांत बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, पाणी मिळालं तर लोंबी भरते. नाही मिळालं तर पोचट लोंब्या वाऱ्यावर डोलत राहतात, माणसाला चिडवल्यासारख्या.

दोन हजार नऊच्या दसऱ्यानंतर तर पावसाने पाठच फिरवली. तलावात एका पाळीपुरतं पाणी उरलं होतं. एकदा दार उघडायचं, नहरीला पाणी सोडायचं, सगळ्यांनी आपापल्या तासांत घ्यायचं आणि दार बंद. पुढचं पाणी थेट पुढच्या वर्षी.

रीनाच्या जिवाची घालमेल चालली होती ती दोन गोष्टींनी. एक, नहरीच्या अगदी शेपटाला तिच्या बाबांची, ताराचंदची, दोन एकर बांधी होती आणि तिला भेगा पडायला लागल्या होत्या. दुसरी, कुणाला किती तास पाणी मिळायचं हे सांगणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता.

रीनाचं सासर-माहेर एकाच गावात. नवरा राजदीप रोज गोंदियाला राइस मिलमध्ये जायचा आणि ही ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत झेरॉक्स, टायपिंग आणि मुलांचे निकाल काढून देण्याचं दुकान चालवायची. लग्नाआधी गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती टायपिंगला होती. तिथे दुपारी मशीन रिकामी असे. फॉक्सप्रो तिला कुणी शिकवला नाही. चुकत चुकत, मशीनच्या शिव्या खात, तो तिने आपलासा केला. चार वर्षांपूर्वी पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष चैनलाल तिच्याकडे आले आणि म्हणाले, "बेटा, पाळीचा काही बंदोबस्त कर. दरसाल डोकी फुटून राहिली." तेव्हा तिने हा प्रोग्राम लिहिला. गावातल्या एकेकाची जमीन त्यात घातली, की नहरीच्या मुखापासून शेपटापर्यंत प्रत्येकाची पाळी किती वाजता सुरू, किती वाजता बंद, असा कागद निघायचा. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायचा. डोकी फुटायची थांबली. केशोरावच्या कपाळावरचा जुना व्रण तेवढा आठवणीला राहिला.

आता चैनलालचा मुलगा दुर्गेश नागपूरहून आला होता. तो तिथे सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला. लॅपटॉप काखोटीला मारून तो रीनाच्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"रीनाताई, रागावू नका. पन फॉक्सप्रोचे दिवस भरले. बनवनाऱ्या कंपनीनंच त्याच्या नावानं आंघोळ केली. उद्या तुमचा हा डबा बसला त नव्या मशीनवर चालंन का नाई, कोन सांगते?"

"डबा कोनाले म्हनतं रे? तुया बापाच्या पाळ्या यानंच काढल्या."

"बरं, डबा नाई. आजोबा म्हनू." दुर्गेश हसला. "मी संस्थेसाठी नवा बनवून आनला. आधी डॉटनेटमधी करत होतो, पन त्याले सारा लवाजमा लागते. मंग पीएचपीत केला. फुकट आहे, कोनत्याबी मशीनवर चालते, इंटरनेटवर टाकला त नागपुरातून बी दिसते."

"अन् लाइन गेली त?"

"लाइन गेल्यावर तुमचा फॉक्सप्रो काय कंदिलावर चालते?"

रीनाला ते मनातून झोंबलं. घरात नवी सून आली की सासूला स्वयंपाकघरातले डबे आपोआप जास्त आवडायला लागतात, तसं काहीसं तिचं झालं. ती म्हणाली, "ठेव तुया प्रोग्राम माया प्रोग्रामशेजारी. एकच पाळी दोघांतून काढू. पाहू कोन काय म्हनते."

दोन्ही कागद छापून निघाले. दुर्गेशने ते उजेडाला धरले आणि खूश झाला. "पाहा, एका मिनिटाचा फरक नाई! म्हनजे दोन्ही बरोबर."

"तू नियम कुठून घेतला?"

"तुमच्याच प्रोग्राममधून. मी फक्त भाषा बदलली."

रीनाने कागद टेबलावर ठेवले. उठली, पंखा वाढवला. बसली. पुन्हा उठून पंखा कमी केला. काहीतरी टोचत होतं, कुठे ते कळत नव्हतं. दोन साक्षीदार एकच जबानी देतात तेव्हा ती खरी असते, हे ठीक. पण दुसऱ्याने ती पहिल्याकडूनच पाठ केली असेल तर?

टोचत होतं ते बाबांचं बोलणं. मागच्या पाळीनंतर ते ओट्यावर बसून म्हणाले होते, "नहर शिमेटची झाली, पन आपल्याकडे पानी तेवढंच आलं." आजवर शेपटाला पाणी कमी पडलं की सारं गाव खेकड्यांना दोष द्यायचं. खेकडे बिळं करतात, पाणी वाटेत मुरतं, नहर शेपटापर्यंत येता येता दमते. ताराचंदही तेच म्हणायचे. पण या उन्हाळ्यात नहरीला सिमेंट लागलं. बिळं बुजली. मग आता पाणी कोण पितं?

तिने कागदावर बोट ठेवलं. दुलीचंद, दोन एकर. बाबांच्या वरचीच बांधी. सुरू सकाळी सहा, बंद दहा. चार तास.

बोट खाली सरकवलं. ताराचंद, दोन एकर. सुरू दहा, बंद साडेअकरा.

दीड तास.

कागदावर फक्त सुरू आणि बंद लिहिलेलं असायचं. एकूण किती, हे कुणी मोजलंच नव्हतं. बाबांनी नाही, दुलीचंदने नाही आणि जिने प्रोग्राम लिहिला तिनेही नाही.

"दुर्गेश," ती म्हणाली, "इकडे ये. आजोबा अन् नातू, दोघंबी एकाच जागी लंगडून राहिले."

ओळ सापडायला वेळ लागला नाही, कारण ती तिला पाठ होती. जमिनीप्रमाणे प्रत्येकाचा वेळ काढायचा आणि तो पुढच्या पाव तासापर्यंत वाढवायचा. तीन तास सदतीस मिनिटं आले की पावणेचार तास. ही ओळ लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर आई होती. आई धान मोजून द्यायची तेव्हा पायली कधी काठोकाठ भरून थांबायची नाही. वर शीग चढवायची, दाणे ओघळायला लागेपर्यंत. "देनाऱ्याचा हात आखडू नये," म्हणायची. इथे सगळीकडे तसंच मोजतात. काठाला सपाट मोजणाऱ्याला लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पाठीमागे म्हणतात. रीनाने तीच रीत मशीनला शिकवली. कुणाचं मिनिटभर कमी नको, वर थोडी शीग असू दे.

पण आई शीग चढवायची ती आपल्या ढोलीतल्या, म्हणजे घरच्या कणगीतल्या, धानाची. नहरीचे तास कुठल्या ढोलीतून येणार? तलावाचं दार ठरल्या वेळी बंद होणार. वरच्या वीस-बावीस जणांच्या शिगा जमवून जेवढा वेळ झाला, तेवढा शेवटच्या माणसाच्या पायलीतून गेला. आणि शेवटचा माणूस दरवेळी एकच.

दुर्गेशने शीळ घातली. "ताई, हा त चोख बग आहे. अन् मी बी तो जसाच्या तसा पीएचपीत बसवला. काढा ती ओळ. एका मिनिटाचं काम."

"एका मिनिटाचं काम आहे म्हनूनच त," रीना म्हणाली. "काढली की पानी कोनाले वाढते?"

दुर्गेशने कागद पाहिला आणि त्याचं बोट ताराचंदच्या नावावर येऊन थांबलं.

---

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संस्थेची बैठक भरली. रीनाने ठरवलं होतं, लपवून काही करायचं नाही. ती उभी राहिली. तिने सरळ सांगितलं, की प्रोग्राममध्ये चूक आहे, चूक तिचीच आहे, सगळ्यांना थोडा थोडा जास्तीचा वेळ जातो आणि तो शेवटच्या माणसाचा कापला जातो.

भोजराजने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. त्याची बांधी नहरीच्या मधोमध.

"काऊन वो मास्तरीन, चार साल चूक नाई दिसली. बापाची बांधी सुकली तवा बराबर दिसली?"

दोन-चार जण हसले. ताराचंद मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. रीनाला वाटलं, आपण चुकीच्या ओळीऐवजी बाबांनाच भर बैठकीत उभं केलं.

"मी कागद दाखवतो," दुर्गेश उठला.

"तू बस," चैनलाल म्हणाले. चैनलाल म्हणजे मोठ्या शेताचा, मोठ्या आवाजाचा माणूस. मनाने वाईट नाही, पण चार लोकांत चूक झाली म्हणायचं त्यांच्या जिभेला वळण नाही. "चार साल झगडा नाई, तंटा नाई. आता कायले उकरून काढता? पाव तास इकडं तिकडं झाला त काय आभाळ पडते? हिशेब बरोबरच आहे."

"बरोबर आहे ना काकाजी?" रीनाने विचारलं.

"एकदम बरोबर."

"मंग यंदा पाळी शेपटाकडून सुरू करा. आता नहर शिमेटची आहे, पानी कुठून बी सुरू केलं त सारखंच. शेवटचा मान दरसाल आमच्या घरालेच कायले? तुमी अध्यक्ष. तुमी घ्या शेवटचा नंबर."

हे तिने ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग ती स्वतःच घाबरली. ओट्यावर खसखस पिकली. भोजराज चैनलालकडे वळून म्हणाला, "घ्या पटेल, हिशेब त बरोबरच आहे!"

चैनलालने मिशीवर हात फिरवला. एवढ्या लोकांत मागे कसं सरणार? "लिव माहं नाव शेवटी," ते म्हणाले. "चैनलाल काही प्यासा मरत नाई."

---

रीनाने प्रोग्रामला हात लावला नाही. यादी फक्त उलटी केली. नवा कागद भिंतीवर लागला. ताराचंद पहिले, चैनलाल शेवटचे.

पाणी सुटायला दोन दिवस होते. ते तिने कसे काढले, तिलाच ठाऊक. झेरॉक्स काढताना कागद उलटा घातला. भाजीत मीठ दोनदा पडलं. राजदीप जेवता जेवता म्हणाला, "ज्याच्या बांधीले पानी नाई तो झोपून राहिला, अन् तू जागी." तिला वाटत होतं, चैनलालला कळलंच नाही तर? मग पाणी गेल्यावर त्यांची खालची बांधी कोरडी राहील, आणि ते तिने डोळ्यांदेखत होऊ दिलेलं असेल. बाबांचं झालं ते नकळत. हे कळून सवरून. रात्रीतून जाऊन ती ओळ गुपचूप काढून टाकावी, असंही मनात आलं. पण गुपचूप काढली की भोजराजचंच खरं. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, की दुपारी स्वतः जाऊन चैनलालला पुन्हा सांगायचं, शिव्या बसल्या तरी.

तिला जावं लागलं नाही. चहाच्या सुमारास चैनलालच दुकानात शिरले. मागे दुर्गेश. चैनलालच्या हातात भिंतीवरून फाडून आणलेला कागद.

"हे काय होय? केवलरामची जमीन माह्या एवढीच. त्याचे तास पाह्य अन् माहे पाह्य! अडीच तास कमी. तुया प्रोग्रामात बग आहे!"

"बग" हा शब्द त्यांना दुर्गेशने नुकताच शिकवला असणार. नवं औत मिळाल्यासारखे ते तो वापरत होते.

"बग जुनाच आहे काकाजी," रीना म्हणाली. "त्यानं फक्त घर बदललं."

चैनलाल खुर्चीत बसले. कागद मांडीवर पसरला. ओळींवरून बोट फिरवत म्हणाले, "ताराचंदचे चार साल असेच गेले?"

"हो."

"अन् तो काही बोलला नाई."

"खेकड्यांले बोलला."

दुर्गेशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. चैनलाल हसले नाहीत. रागही थोडा खाली आला होता, पण अध्यक्षपणाचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. "काढ ती शीग," ते म्हणाले. "पन लोकाईच्या तोंडचा पाव तास काढला, असं म्हनतीन. तुले म्हनतीन, बापासाठी काढला."

"म्हनूनच मी काढत नाई," रीना म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज स्थिर झाला. "दुर्गेश काढंन. त्याच्या प्रोग्रामात. अन् यापुढे पाळी त्याच्याच प्रोग्रामातून निघंन."

दुर्गेशने चमकून पाहिलं. "ताई, काल परवा त तुमी..."

"काल परवा मले वाटत होतं, माया प्रोग्राम मलेच समजते ही त्याची खूबी आहे. भर बैठकीत कळलं, तेच त्याचं दुखनं आहे. मी हात लावला की बापासाठी. नाई लावला तरी बापासाठीच. तुया प्रोग्राम तू बी वाचशीन, मी बी वाचीन. पीएचपी मी शिकीन. दोन डोकी पाहतीन त कोनाच्या बापाचा राहनार नाई."

बोलून झालं आणि ती मशीनकडे वळली. समोर फॉक्सप्रोची पांढरी खिडकी उघडी होती. किती दुपारी तिने त्या खिडकीशी भांडण केलं होतं. डॉटनेट, पीएचपी, आणखी काय काय येईल आणि जाईल. कशात लिहायचं यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. तिची चूक मात्र फॉक्सप्रोतून उठून पीएचपीत जशीच्या तशी जाऊन बसली होती, नव्या घराचं भाडंही न देता.

दुर्गेशने लॅपटॉप उघडला. ओळ बदलली. पाव तास वर नाही. जेवढा वेळ येईल तेवढाच, फक्त घड्याळात बघायला सोपं म्हणून मागच्या पाच मिनिटांवर खाली आणलेला. रीनाने शेजारी बसून एकेका माणसाचे तास बोटांवर मोजले. दोघांनी दोनदा मोजले. दुलीचंद आणि ताराचंद सारखे. केवलराम आणि चैनलाल जवळपास सारखे. दार बंद व्हायच्या आत सगळे.

"'एकूण किती' असा रकाना बी टाक," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

कागद चैनलालने स्वतः नेऊन लावला. जमलेल्या लोकांना काय सांगितलं ते रीनाने दुकानातूनच ऐकलं. "संस्थेनं तपास केला. तपासात चूक सापडली. प्रत्येकाचे थोडे मिनिट कमी होतीन, माहे बी झाले. कोनाले तकलीफ असन त त्यानं पुढच्या साली शेवटचा नंबर घ्यावा." भोजराजने तोंड उघडलं होतं, ते पान सावरायला उघडलं असं दाखवून मिटलं. संस्थेने तपास केला म्हणे! रीनाला राग यायला हवा होता. तिला हसू आलं.

---

पाणी सकाळी आलं. सिमेंटच्या नहरीतून ते असं सळसळत आलं, की ताराचंद दोन पावलं मागे सरले. शेपटाला एवढ्या अंगाचं पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी बांधीचं तोंड फोडलं आणि ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले. भेगांमधून बुडबुडे निघत होते. माती घोट घेतल्यासारखा आवाज करत होती.

रीना दुकान उघडायचं सोडून धुऱ्यावर आली होती. पाण्याकडे बघू की घड्याळाकडे, असं तिचं चाललं होतं. वरच्या धुऱ्यावर दुलीचंद पावडा घेऊन उभा. वेळ संपत आली तसा तो खाकरायला लागला.

"ताराचंद, झालं ना गा?"

"तो कोपरा राहिला," ताराचंद म्हणाले, कुणाकडेही न बघता. "हातभर राहिला. दोन मिनिट."

"बाबा, बंद करा."

"चार साल गेले माहे. दोन मिनिट नाई मिळत?"

रीनाला गलबलून आलं. खरंच होतं ते. चार वर्षांचा हिशेब काढला तर हा अख्खा दिवस बाबांचा होता. दुलीचंदही काही बोलला नसता, नुसता खाकरत राहिला असता. पण वर नहरीवर माणसं ओळीने उभी होती आणि पहिल्याच तोंडाला काय होतं, ते सगळे बघत होते.

तिने बाबांच्या हातातला पावडा घेतला आणि स्वतः माती ओढली. एक, दोन, तीन. तोंड बंद झालं. दुलीचंदने आपलं फोडलं.

धोतर वर खोचून ताराचंद बांधीत उतरले, आत साचलेल्या पाण्यात पाय ओढत कोपऱ्यापर्यंत गेले, मधला उंचवटा पायाने मोडला. पाणी हळूहळू कोपऱ्याकडे सरकलं. पुरेल इतकं होतं. ते तिथेच पाठमोरे उभे राहिले.

"पोहोचलं का?" तिने ओरडून विचारलं.

"पोहोचलं."

"पुरलं का?"

"पुरलं म्हनतो ना! जाय तू. दुकान बंद टाकून आली असशीन." मग तसेच पाठमोरे राहून, "पावडा बराबर चालवतं तू. तुया मायसारखा."

ती धुऱ्यावरून निघाली. डोळे पुसायला पदर वर नेला आणि मध्येच हात थांबला. पाच मिनिटांवर खाली आणलेला वेळ! प्रत्येकाची दोन-तीन मिनिटं सुटत होती. दार तर ठरल्या वेळीच बंद व्हायचं आणि शेवटच्याचं पाणी तोवर चालूच राहायचं. मग ती सुटलेली मिनिटं जमत जमत कुणाच्या बांधीत चालली होती?

शेवटचा कोण? चैनलाल.

"अरे बापरे," रीना स्वतःशीच म्हणाली आणि दुर्गेशला त्याची नागपूरची गाडी सुटायच्या आत गाठायला हवं, म्हणून धुऱ्यावरूनच पळत सुटली.